फाटकापुढची खाच

उजवा खालचा कोपरा

आमच्या ऑफिसातून जो नकाशा बाहेर जातो त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात. आराखडा. रेखांकन. तपासणी. मधल्या चौकटीत गेली बावीस वर्षं माझं नाव आहे. तपासणीत अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. आराखड्यातही त्यांचंच असायचं, डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत. मग ती चौकट रिकामी झाली, आणि बसमध्ये उठायच्या बेतात असलेल्या माणसाच्या सीटकडे बघावं तशी मी तिच्याकडे बघत राहिले. पर्स पुढे करून.

सीट धाकटीनं पकडली.

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिच्याकडे पदवी आहे. ती पदवी घेत होती तेव्हा ऑफिस मी सांभाळत होते, पण तसं सांभाळल्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही. अप्पा तिला 'इंजिनिअरबाई' म्हणतात. मला 'अगं' म्हणतात.

काम काय, तर इमारतीला आग लागली की बंबाचं पाणी आत कुठून जाणार ते आम्ही आधी कागदावर ठरवतो. रस्त्यावर हायड्रंट, म्हणजे पाण्याचा उभा नळ. बंब तिथून पाणी ओढतो आणि इमारतीच्या भिंतीत बसवलेल्या इनलेटमध्ये, त्याच्या पितळी तोंडांमध्ये, जोरानं ढकलतो. तिथून ते आतल्या पाइपांनी मजल्यामजल्यावर चढतं. जागा असेल तर यात काही नाही, कोणीही करेल.

टीप १. जागा नव्हती.

चार मजली दवाखाना, सहा मीटरच्या गल्लीत, त्याला नवी बाजू जोडायची. उजवीकडे ट्रान्सफॉर्मर, डावीकडे शेजाऱ्याची भिंत, इतकी जवळ की मधून माणूस जाईल पण पोट आत ओढून. मागे रस्ताच नाही. पुढच्या भिंतीला दिवसभर गाड्या चिकटलेल्या. बंब उभा राहू शकतो फक्त गल्लीत, आणि बंबवाल्यांना इनलेट लांबून दिसला पाहिजे, हाताशी आला पाहिजे, वर खिडकीची काच नको, पुढ्यात गाडी नको.

मी पुढच्या भिंतीवर एक जागा काढली होती. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, दोन खिडक्यांच्या मध्ये.

"तिथं गाड्या लागतात," अप्पा म्हणाले. "बंबवाला काय बोनेटवर चढून पाइप लावणार?"

धाकटी हसली. मला नाही हसली, बोनेटला हसली. पण हसली.

मग ती कागदावर वाकली. नकाशात दवाखान्याचं नवं फाटक गल्लीपासून तीन मीटर आत घेतलेलं आहे, आत वळणाऱ्या गाडीला दम घ्यायला जागा असावी म्हणून. तिथं एक खाच तयार झाली आहे, तीन भिंतींच्या कपाटासारखी, मागची भिंत म्हणजे फाटक.

"या खाचेत कोणी गाडी लावेल का हो, अप्पा?"

"फाटकापुढे? दवाखान्याच्या? मारतील लोक."

"मग इनलेट इथंच. खाचेच्या बाजूच्या भिंतीत. बंब गल्लीत, तोंडं त्याच्या समोर, वर काच नाही, पुढे गाडी नाही. आणि हायड्रंट याच बाजूला घेऊ, म्हणजे पाइप गल्ली ओलांडणार नाही. मागून दुसरा बंब आला तर त्याची वाट मोकळी."

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"वा," म्हणाले.

टीप २. इथं त्या 'वा'बद्दल सहा ओळी होत्या. खोडल्या आहेत. फक्त एवढं राहू द्या: बावीस वर्षांत मला मिळालेला सगळ्यात मोठा शेरा 'बरोबर आहे' हा होता.

टीप ३. मी काय करत होते

मी त्या वेळी माझ्या टेबलावर वास्तुविशारदाचा नकाशा साफ करत होते. हे काम कायम माझं. त्यांच्या नकाशात पलंग, कुंड्या, बेसिनं, दारं उघडल्याच्या गोल रेषा असला सगळा पसारा असतो. तो काढून मी कोरा सांगाडा देते, त्यावर आमचे पाइप चढतात. दार कुठल्या बाजूला उघडतं ती गोल रेषा आमच्या कामाची नसते. मी ती नेहमीच काढते. त्या दिवशीही काढली होती.

'वा' ऐकून पाच मिनिटं झाली असतील. पाठीमागून आवाज आला:

"ताई, हे फाटक आतच उघडतं ना?"

मूळ नकाशा माझ्या स्क्रीनवर होता. दोन बोटांचं काम. फाटकापर्यंत सरकायचं, बघायचं, सांगायचं.

"आतच उघडतं," मी मान न वळवता म्हणाले. "फाटकं आतच उघडतात."

"थँक्यू गं."

त्या थँक्यूचाही मला राग आला.

फेरबदल ०

नकाशा गेला, पहिलाच म्हणून फेरबदल शून्य. आराखडा: धाकटी. रेखांकन: मी. तपासणी: अप्पा. नऊ महिन्यांत इमारतीची नवी बाजू उभी राहिली, खाचेच्या भिंतीत इनलेट बसला, लाल रंग लागला. अप्पा येणाजाणाऱ्याला सांगत, "इंजिनिअरबाईंनी जागा कुठं शोधली बघा. फाटकापुढं! सगळे गाडीच्या मागं शोधत बसले होते."

सगळे म्हणजे मी.

गुरुवार, सकाळी साडेदहा

अग्निशमन अधिकारी सोमवारी बंब घेऊन तपासणीला येणार होते. त्याआधी मी एकटी साइटवर गेले, टेपनं अंतरं मोजून घ्यायला. फाटक आदल्या दिवशीच बसवलं होतं. दोन झडपा, प्रत्येक सव्वादोन मीटरची, करडा पत्रा.

"काका, जरा उघडता का?" मी वॉचमनला म्हटलं.

त्यांनी कडी काढली आणि डावी झडप स्वतःकडे न ओढता माझ्याकडे ढकलली. बाहेर. ती सावकाश फिरत आली, खाचेच्या भिंतीला जाऊन टेकली, आणि इनलेट गेला.

गेला म्हणजे दिसेनासा झाला. लाल रंग, पितळ, पाटी, सगळं पत्र्याच्या मागे.

"बाहेर का उघडतं हे?"

"आत चढ आहे ना बाई. आत उघडलं तर खाली घासेल."

आत चढ आहे हे मला माहीत होतं. त्या जमिनीच्या उंच्या मीच मोजल्या होत्या.

मी तिथं उभी राहिले. आग लागली की फाटक उघडं असणार, माणसं बाहेर धावणार, जवान आत धावणार. म्हणजे हा इनलेट आग नसली की दिसेल आणि आग लागली की लपेल. हे वाक्य मनात तयार झालं आणि, खरं सांगते, मला हसू आलं. पोटातून आलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तो 'वा' मला छोटा वाटला.

मोजमाप

साइटपासून ऑफिस: वीस मिनिटं चालत.
माझ्या टेबलापासून धाकटीचं टेबल: दोन मीटर दहा.
"अगं, फाटक बाहेर उघडतंय" हे म्हणायला लागणारा वेळ: दोन सेकंद.

नाही म्हटलं.

"सगळं ठीक ना साइटवर?" धाकटीनं विचारलं.

"अंतरं बरोबर आहेत," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. अंतरं अगदी बरोबर होती.

तिनं माझ्यासाठी कॉफी करून ठेवली होती. साखर कमी, मला लागते तशी. मी ती प्यायले. छान झाली होती, याचाही राग.

टीप ४. दोरा

अप्पांच्या ड्रॉवरमध्ये एक मेणाचा दोरा आहे. कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक मीटर. बंबापासून इनलेटपर्यंतचा पाइप सरळ जात नाही, कोपरे घेत जातो, म्हणून तो पट्टीनं मोजायचा नाही, दोऱ्यानं मोजायचा, हे अप्पांनी मला शिकवलं. धाकटी कॉम्प्युटरवर मोजते. दोरा फक्त मी वापरते.

त्या दुपारी ती जेवायला गेल्यावर मी दोरा काढला. एक टोक गल्लीतल्या बंबावर धरलं, दुसरं खाचेच्या भिंतीवर, आणि ओढला. मध्ये खाचेचा कोपरा येत होता. दोरा कोपऱ्यावर ताणला गेला आणि त्याला कोपरा नकोच होता. तो तिरका जायला बघत होता.

मी बघत राहिले.

खाच तीन मीटर खोल. झडप सव्वादोन. म्हणजे झडप पूर्ण उघडली तरी गल्लीच्या बाजूला पाऊण मीटर भिंत उघडी राहते. आणि तो कोपरा तिरका छाटला, इकडून पाऊण मीटर, तिकडून पाऊण मीटर, तर तिथं मीटरभर रुंदीची तिरकी भिंत मिळते. बरोबर बंबाकडे तोंड केलेली. झडप तिथवर पोचत नाही. अँब्युलन्सलाही वळायला जागा वाढते.

इतकं सुंदर काही माझ्या हातून याआधी आलं नव्हतं. मी ते दीड तासात काढलं, छापलं, आणि अप्पांची शिस्त अंगात मुरलेली म्हणून, कागद टेबलावरून उचलायच्या आधी पेननं तारीख घातली. आराखड्याची चौकट मात्र मोकळी सोडली. ती सोमवारी भरायची होती, सगळ्यांच्या समोर. गुंडाळी करून नळीत घातली आणि नळी कपाटाच्या मागे.

बेत असा होता. साहेब येणार. फाटक उघडणार. इनलेट लपणार. धाकटीचा चेहरा पडणार. अप्पा चष्मा काढणार. आणि मग मी, अगदी सहज, "एक सुचलंय मला."

शुक्रवार, शनिवार, रविवार. धाकटी प्रत्येक दिवशी गुणगुणत होती.

सोमवार

बंब वेळेवर आला. साहेब आडव्या बांध्याचे, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. अप्पा काठी घेऊन आले होते. धाकटीनं इस्त्रीचे कपडे घातले होते. माझ्या हातात नळी.

"काय आणलंयस?" धाकटीनं विचारलं.

"जुने कागद. लागले तर."

जवानांनी हायड्रंटला पाइप जोडला, बंबापासून इनलेटला दोन पाइप जोडले. पाणी भरल्यावर पाइप फुगून ओंडक्यासारखे ताठ झाले. चौथ्या मजल्यावरून जवानानं हात केला. पाणी पोचलं होतं.

साहेब खाचेत उभे राहून इकडे तिकडे बघत होते.

"ही जागा कोणी सुचवली?"

"आमच्या धाकटीनं," अप्पा म्हणाले. मला त्यांच्या आवाजात ते 'वा' परत ऐकू आलं, जसंच्या तसं.

"अशा गल्लीत मी वीस इनलेट बघितलेत. एकोणीस गाडीमागे. शाबास." साहेबांनी खिशातून पेन काढलं. मंजुरीचा कागद गुडघ्यावर घेतला.

फाटक बंद होतं.

इतका वेळ फाटक बंदच होतं. कोणाला उघडायची गरजच पडली नव्हती. सगळे गल्लीत, काम गल्लीत. हे माझ्या बेतात नव्हतं. साहेब सही करणार, इनलेट पत्र्यामागे कायमचा राहणार, वरच्या मजल्यांवर पलंग लागणार, त्यांवर माणसं झोपणार. आणि धाकटीला शाबासकी मिळणार.

कोणत्या विचारानं माझं तोंड उघडलं ते मला माहीत आहे. मी ते सांगणार नाही.

"काका," मी म्हणाले, "फाटक उघडा."

वॉचमननी कडी काढून झडप ढकलली. ती फिरली, आणि धप्पकन पाण्यानं ताठ झालेल्या पाइपांवर आदळून अडली. अर्धी उघडी. पलीकडे एक नर्स हातात फाइल घेऊन उभी होती, तिला बाहेर यायला जागा नव्हती.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं.

"पाइप नसते तर?" त्यांनी विचारलं.

"तर झडप भिंतीला टेकली असती, साहेब," काका म्हणाले. "रोज टेकते."

धाकटीचा चेहरा पडला. अगदी मी चार दिवस मनात बघितला होता तसा. पण पुढचं मी बघितलेलं नव्हतं.

"चूक माझी आहे, साहेब," ती म्हणाली. "फाटक कुठं उघडतं ते मी स्वतः येऊन बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

'ताईला विचारलं होतं' असं म्हणाली नाही. माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही.

आणि अप्पांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. "असू दे," म्हणाले. "होतं. माझ्याकडूनही सुटलं. तपासणीत माझी सही आहे."

असू दे.

तिच्या चुकीला पाठीवर हात. माझ्या बरोबर कामाला 'बरोबर आहे'. हिनं माझी चूकसुद्धा घेतली, आणि तिला शोभलीही. मी नळीचं टोपण काढलं.

"साहेब, एक सुचलंय मला."

बंबाच्या बोनेटवर कागद पसरला. साहेब वाकले. अप्पा वाकले. मी बोटानं दाखवलं. कोपरा छाटायचा, तिरकी भिंत, झडप इथं थांबते, पाइप असा जातो. आवाज माझा मलाच छान वाटला.

"हं," साहेब म्हणाले. आणि मग, "हे चांगलं आहे. हे फारच चांगलं आहे."

अप्पांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"वा," म्हणाले.

मला वाटलं होतं त्याहून तो शब्द लहान निघाला, पण मी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. माझ्या मते तो माझ्याकडे चार सेकंद होता.

"कधी काढलंत हे?" साहेबांनी विचारलं. बोट कोपऱ्यातल्या तारखेवर होतं.

मी नळीचं टोपण परत लावलं.

"गुरुवारची तारीख आहे," साहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. वाचून दाखवावं तसं बोलले. "आज सोमवार."

अप्पांनी तारीख बघितली. डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालंय त्यांच्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुला गुरुवारी माहीत होतं?"

"हो."

"आणि हिनं तुला काही विचारलं नव्हतं?"

धाकटी घाईनं म्हणाली, "अप्पा, जाऊ द्या ना—"

"तू गप्प बस!" मी ओरडले. जवानांनीही वळून बघितलं. "विचारलं होतं तिनं. नऊ महिन्यांपूर्वी. आत उघडतं ना, म्हणाली. मूळ नकाशा माझ्यासमोर होता. मी न बघता सांगितलं. ती चूक माझी आहे. तिची नाही. माझी."

चांगुलपणानं नाही बोलले मी हे. ती चूक निदान माझी होती, तीही तिच्याकडे जायला नको होती.

साहेबांनी सही न करता मंजुरीच्या कागदाची घडी घातली. "भिंत फोडून इनलेट हलवा, मग बोलवा. तोवर दवाखान्याच्या या बाजूला एकही पलंग नाही." आणि जाता जाता मला म्हणाले, "बाई, चार दिवस फार होतात. आमच्याकडे आम्ही मिनिटं मोजतो."

फेरबदल १

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिघंही होतो. नवा नकाशा धाकटीनं कॉम्प्युटरवर घेतला. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"आराखड्यात हिचं नाव घाल," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. 'अगं'सुद्धा नाही. "हिचाच आहे तो."

"आणि रेखांकनात?" धाकटीनं विचारलं.

"तुझं. तपासणीतही तुझंच. मला आता दिसतं, पण ओळखू येत नाही."

धाकटीच्या बोटांचा आवाज. माझं नाव पहिल्या चौकटीत उमटलं. मी बावीस वर्षं त्या चौकटीची रुंदी पाठ केली होती. नाव त्यात नीट मावलं.

"ताई, कारणाचा रकाना," ती म्हणाली. फेरबदल केला की का केला ते लिहावं लागतं. "काय लिहू?"

"खरं ते लिही. विचारलं असता न बघता चुकीचं सांगितलं. कळल्यावर चार दिवस सांगितलं नाही."

"इतकं मावत नाही त्यात."

"मग?"

तिनं थोडा विचार केला आणि टाइप केलं: *फाटक बाहेर उघडते.*

मी ते वाचलं. तीन शब्द. खरे होते, कोणाचं नाव नव्हतं, आणि माझ्या कुठल्याही टिपेपेक्षा चांगले होते. मला ते सुचले नसते.

"तारीख घाल," मी म्हणाले.

"तू घाल. आराखडा तुझा आहे."

मी पेन घेतलं आणि आजची तारीख घातली. मग दोरा काढला, तिच्या टेबलावर ठेवला, आणि तिनं तो उचलायच्या आत परत माझ्या मुठीत घेतला.